गॅस गिझर पेटतो पण टिकत नाही, आमच्या पडवीतला तीन पावसाळ्यांचा अनुभव

टक् टक् टक् टक्, मग भस्सकन आवाज, छोट्या काचेतून निळी ज्योत दिसली, बादलीत कोमट धार पडायला लागली आणि पाच आकडे मोजेपर्यंत परत गार. परत नळ बंद, परत चालू, परत टक् टक्. मागची तीन वर्षं आमच्याकडे मिरग लागला की हे सुरू व्हायचं आणि दिवाळीच्या आसपास आपोआप थांबायचं, आणि मधले चार महिने सकाळी सहाला कोणीतरी साबण लावलेल्या अंगाने न्हाणीघरातून हाका मारणार हे ठरलेलं. सासूबाईंचं वाक्यही ठरलेलं, "पेटता गो, पण रवणा नाय."

आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. जांभ्याच्या भिंती, मागच्या बाजूला पडवी, पडवीला लागून न्हाणीघर. पूर्वी तांब्याचा बंब होता, सोडणं आणि चुडतं जाळून पाणी तापायचं, पण पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यावर सकाळी पाठोपाठ सात-आठ आंघोळी व्हायला लागल्या आणि लाईटचा तर पावसात भरवसाच नाही, म्हणून सहा लिटरचा गॅस गिझर घेतला. न्हाणीघराच्या आत लावायचा नाही हे माहीत होतं म्हणून बाहेर पडवीच्या भिंतीवर लावला, सिलिंडरही पडवीत. इथपर्यंत सगळं बरोबर केलं असंच आम्हाला वाटत होतं.

पहिल्या पावसाळ्यात मेकॅनिकने सोलेनॉइड, म्हणजे गॅस सोडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, बदलला, आठ दिवस चालला. दुसऱ्या वर्षी सर्किट बोर्ड बदललं, तेही पंधरा दिवस. दोन्ही वेळचे पैसे मिळून नव्या गिझरच्या निम्म्या किमतीला गेले असतील. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता कुठलाही पार्ट बदलायच्या आधी नुसतं बघायचं, आणि वहीत लिहायचं, की हा नेमका कधी विझतो. पेटल्यावर किती सेकंदांनी, सकाळी की दुपारी, पाऊस-वारा असताना की उघाडीला, सिलिंडर भरलेला की संपत आलेला. त्या वहीमुळेच उलगडा झाला. खराब पार्ट एकही नव्हता, आणि कारण एक नव्हतं, बरीच वेगवेगळी होती, फक्त बाहेरून सगळी सारखीच दिसत होती.

गिझर चालतो कसा ते आधी थोडक्यात सांगते कारण ते कळलं की निम्मं काम होतं. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो एक पिन ढकलतो, पिनने छोटा स्विच दाबला जातो. स्विच दाबला की दोन सेलमधून बोर्डाला करंट मिळतो, बोर्ड एकीकडे ठिणगी पाडायला लागतं आणि दुसरीकडे सोलेनॉइड उघडून बर्नरला गॅस सोडतं. ज्योत पेटली की बर्नरच्या वर आडवी आलेली एक बारीक दांडी असते, सेन्सर, ती बोर्डाला कळवते की ज्योत आहे. हा निरोप मिळाला तरच बोर्ड गॅस चालू ठेवतं, नाहीतर काही सेकंदात बंद करतं, कारण ज्योत नसताना गॅस सोडत राहणं म्हणजे घरात गॅस भरणं. म्हणजे गिझर विझतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, त्याला काहीतरी खटकलेलं असतं म्हणून तो स्वतःहून बंद होतो. आपण शोधायचं ते हे की त्याला काय खटकलं.

म्हणून आधी सेकंद मोजा. नुसती टकटक आणि ज्योतच नाही, तर सेल, पाणी किंवा गॅस. ज्योत येते आणि तीन ते सहा सेकंदात जाते, दर वेळी साधारण तेवढ्याच वेळात, तर आधी सेन्सर. कधीही, मध्येच, कोणी दुसरा नळ सोडला की जाते, तर पाण्याचा दाब. पाच-दहा मिनिटं नीट चालून मग जाते, तर ते सगळ्यात गंभीरपणे घ्या, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय आणि ते कृपा करून वगळू नका. बरोबर वीस मिनिटांनी जाते तर तो बिघाडच नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये वीस मिनिटांचा टायमर असतो, नळ बंद करून परत सोडा.

आता सेन्सर. किनाऱ्यावरच्या घरांत हे मला पहिल्या नंबरचं कारण वाटतं. ज्योतीतून अगदी सूक्ष्म करंट वाहू शकतो, मायक्रोअँपमध्ये मोजण्याइतका, आणि त्या करंटवरूनच बोर्ड ओळखतं की ज्योत आहे. इतका बारीक करंट असल्यामुळे दांडीवर जरासा जरी थर बसला तरी तो पोचत नाही. आणि आमच्याकडे थर बसायला काय वेळ लागतोय, खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याची पाती, सगळ्यावर खारी हवा बसते, पावसाळ्यात तर मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं सगळं चिकट होतं. दांडीवर काळपट-पांढरट थर बसतो, आणि दांडी जिथे पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बसवलेली असते त्या सिरॅमिकवर ओलसर मीठ बसलं तर तो सूक्ष्म करंट ज्योतीऐवजी भलतीकडूनच पत्र्यात जिरतो. दिवाळीला हवा कोरडी झाली की आपोआप बरं व्हायचं त्याचं निम्मं कारण हे होतं.

मी कशी साफ करते ते सांगते. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, गिझरचे सेल बाहेर काढायचे, पाण्याचा कॉक बंद, आणि गिझर चालून गेला असेल तर अर्धा तास थंड होऊ द्यायचा. मग पुढची बटणं ओढून काढायची (नुसती ओढली की येतात), खालचे-बाजूचे स्क्रू काढले की पत्र्याचं झाकण सुटतं. बर्नरच्या वर दोन किंवा तीन दांड्या दिसतील. जाड वायर जिला आहे ती ठिणगीची, बारीक वायरवाली सेन्सरची. आमच्याकडे सेन्सरच्या दांडीवर बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं, पापडखारासारखं, आणि टोकाशी काजळी. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, दांडी न वाकवता, धातूची चमक दिसेपर्यंत घासायची, मग कोरड्या सुती फडक्याने पुसायची आणि सिरॅमिकही पुसायचं. सिरॅमिकला केसाएवढी चीर असेल तर साफ करून उपयोग नाही, तेवढी दांडी बदलावी लागते, महाग नसते. वायरची पिन जिथे खोचलेली असते तीही एकदा काढून बघा, आमची हिरवी पडली होती, तीच खरवडून परत घट्ट बसवली. तेलाचे गंजरोधक स्प्रे मिळतात ते इथे मारू नका, ते जळून परत थर बसतो आणि बर्नरजवळ तसलं काही नकोच.

एवढं करून झाकण लावलं, सेल घातले, नळ सोडला आणि मी घड्याळ घेऊन उभी. सहा सेकंद गेले, दहा गेले, मिनिट गेलं, ज्योत चालू. दोन वर्षं सोलेनॉइड आणि बोर्ड बदलत होतो आणि काम दोन रुपयांच्या पॉलिश पेपरचं होतं, त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. आता मी आगोटीची कामं करताना, म्हणजे लाकडं भरून घेणं, कौलं परतणं चालू असतं तेव्हाच एकदा, आणि गणपतीच्या आधी एकदा, अशी वर्षातून दोनदा दांडी घासते.

सेलचं थोडक्यात. दोन मोठे टॉर्चचे सेल, दीड-दीड व्होल्टचे. सेल कमजोर झाला की ठिणगी पडते त्यामुळे आपल्याला वाटतं सेल चांगला आहे, पण सोलेनॉइड धरून ठेवायला ताकद उरत नाही आणि पेटता पेटता सुटतो. मल्टिमीटर असेल तर दोन्ही मिळून मोजा, माझ्या गिझरला २.६ च्या खाली गेलं की कुरकुर सुरू होते. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात म्हणजे दोन मिळून २.४ च, ते घालू नका. साध्या सेलऐवजी अल्कलाइन घेतले तर ते टिकतात. आणि सेल बदलताना डब्यातल्या स्प्रिंगकडे बघा, खाऱ्या हवेने त्या हिरव्या होतात, नवे सेल घालूनही करंट येत नाही, पॉलिश पेपर हातात आहेच तर त्याही घासून टाका.

पाणी. गिझरच्या लेबलवर कमीत कमी दाब लिहिलेला असतो. माझ्या गिझरवर ०.०२५ एमपीए (मेगापास्कल, दाब मोजायचं माप) लिहिलंय, आणि पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे ०.१ एमपीए, तर हिशोबाने टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा अडीच मीटर तरी वर पाहिजे. आमच्यासारख्या कौलारू घरांत हीच अडचण येते, स्लॅब फक्त न्हाणीघरावर असतो, टाकी त्याच स्लॅबवर ठेवलेली, मग टाकी भरलेली असताना गिझर पेटतो आणि निम्मी झाली की पेटत नाही किंवा कोणी मागीलदारी भांड्यांचा नळ सोडला की विझतो. आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांचे चार खांब उभे करून टाकी वर घेतली, गवंड्याची दोन दिवसांची मजुरी गेली पण तो प्रश्न कायमचा मिटला. त्याआधी एक सोपी गोष्ट बघा, गिझरला पाणी जिथून येतं तिथे नट उघडला की आत बारीक जाळी असते. विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं, जांभ्याची तांबडी माती बारीक असते, ती जाळीत लोण्यासारखी बसते. जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासली की साफ. शॉवरची चाळणी पण बघा, ती तुंबली तरी पाणी कमी वाहतं आणि पडदा सरकत नाही. शॉवर काढून नुसत्या नळाला गिझर नीट चालत असेल तर दोष शॉवरचा. पडदा स्वतः फाटला असेल तर बहुतेकदा गिझरच्या खालून थेंब थेंब पाणी पडतं, तो बदलायला मात्र मेकॅनिक बोलवा कारण त्याच जोडाला गॅसचा व्हॉल्व्ह असतो.

आता कुंभारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती मातीची घरं बांधणारी माशी, बारीक कमरेची, कुलपाच्या भोकात, प्लगच्या भोकात, कुठेही माती आणून भरते आणि आत कोळी कोंबून ठेवते. गॅस बर्नरला जिथून हवा आत ओढली जाते ती भोकं तिला फार आवडतात. मे महिन्यात पाहुणे गेल्यावर दहा-बारा दिवस गिझर बंद होता, नंतर लावला तर ज्योत पिवळी, लांब, फडफडणारी, आणि वरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरायला लागलेली. झाकण काढून टॉर्च मारला तर बर्नरच्या डाव्या बाजूच्या दोन नळ्यांच्या तोंडाशी सुकलेल्या मातीचे गोळे, नखाएवढे, आणि एकात तर अजून हिरवट कोळी. माती बाहेरच्या बाजूने बारीक तारेने हळूच फोडून काढली, मग मऊ ब्रशने आणि सायकलच्या पंपाने हवा मारून साफ केलं. गॅस जिथून येतो त्या पितळी जेटच्या भोकात मात्र तार किंवा सुई घालायची नाही, ते भोक ठरलेल्या मापाचं असतं, मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची बिघडते. कोळिष्टकंही हेच करतात. हवा कमी मिळाली की ज्योत पिवळी, पिवळी झाली की काजळी, काजळी तांब्याच्या पट्ट्यांत भरली की धूर वर जायला वाट नाही, मग ज्योत खाली दबते किंवा बाजूला उडते, सेन्सरला लागत नाही आणि गिझर बंद. म्हणजे परत तेच, "पेटता पण रवणा नाय". काचेतून ज्योतीचा रंग बघायची सवय लावून घ्या, निळी आणि आखूड पाहिजे.

गॅसच्या बाजूला आमच्याकडे एकच गोष्ट सापडली, पण ती बऱ्याच जणांना फसवते. सिलिंडर संपत आला की गिझर विझतो आणि तोच सिलिंडर शेगडीला लावला तर छान चालतो, मग आपण म्हणतो गॅस आहे, गिझर खराब आहे. हिशोब असा की मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते, शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या तिप्पट-चौपट, म्हणजे तासाला पाऊण ते एक किलो गॅस. इतक्या वेगाने आतल्या द्रवाचा वायू व्हायचा तर सिलिंडरला बाहेरून तेवढी ऊब मिळावी लागते. द्रव कमी राहिला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतं, दाब उतरतो, आणि मोठी ज्योत तग धरत नाही. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर गिझर लावलात तर हे आणखी लवकर होतं. सिलिंडर गार लागत असेल तर गिझरचं गॅसचं बटण कमी करून आंघोळ उरका आणि सिलिंडर बदला. त्याला आडवा पाडू नका, गरम पाण्यात ठेवू नका, आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. आणि भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर गिझरला कधीही लावायचा नाही, घरगुती साधाच.

नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते म्हणून पहिले तीन-चार वेळा पेटत नाही, घाबरू नका, फक्त प्रत्येक वेळी नळ बंद करून मिनिटभर थांबा. नळी केशरी रंगाची सुरक्षा नळीच, पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवर छापलेली असते. जोड तपासायचे ते साबणाच्या फेसाने, काडी ओढून नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर लाईटचं बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर, आणि १९०६ ला फोन, तो गॅस गळतीचा हेल्पलाइन नंबर आहे.

आता ते पाच-दहा मिनिटांनी विझण्याचं.

यात एक साधं कारण असतं ते आधी सांगते. उन्हाळ्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी आधीच तापलेलं असतं, त्यात गिझर हिवाळ्याच्या मोठ्या ज्योतीवर ठेवला आणि पाणी बारीक सोडलं तर पाणी फार तापतं आणि ओव्हरहीटचा स्विच गिझर बंद करतो. सकाळी नीट चालतो आणि दुपारी विझतो असं असेल तर हेच. बटण उन्हाळ्यावर घ्या, पाण्याची धार वाढवा.

आमचं मात्र पावसातलं होतं. पश्चिमेकडून झड येते, पडवीत पाणी पाणी होतं, म्हणून आमच्याकडे दर वर्षी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. झाप विणायला माणूस मिळेना म्हणून आम्ही बाजारातून निळी ताडपत्री आणली आणि पडवीच्या तिन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत दोरीने ताणून बांधली. छान कोरडी झाली पडवी. कपडेही तिथेच वाळत घालायला लागलो. आणि त्याच वर्षापासून गिझर सात-आठ मिनिटांनी विझायला लागला, हे वहीत लिहिलेलं बघेपर्यंत आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. झाप बांधलेल्या पडवीतून वारा गाळून येतो, ताडपत्रीतून काहीच येत नाही. गिझर न्हाणीघराबाहेर लावला होता खरा, पण ताडपत्रीने त्या पडवीची आम्ही बंद खोली केली होती, आणि न्हाणीघराची खिडकी त्याच पडवीत उघडते. जळायला लागणारी हवा तिथलीच, जळून झालेला धूर तिथेच, तोच परत बर्नरमध्ये. हवेतला ऑक्सिजन उतरला की ज्योत आळसावते, पिवळी होते, बर्नरपासून उचलली जाते, सेन्सरची दांडी तिच्याबाहेर राहते आणि बोर्ड गॅस बंद करतं.

एका सकाळी पाहुण्यांच्या पाठोपाठ चार आंघोळी झाल्या होत्या, पाचवे आमचे सासरे गेले. ते बाहेर आले ते भिंतीला धरूनच, पायरीवर बसले आणि म्हणाले, "माका गरगरल्यासारख्या वाटता." डोकं दुखत होतं, मळमळत होतं. आम्हाला वाटलं उपाशी पोटी गरम पाणी घेतलं म्हणून, लिंबू-पाणी दिलं. ते बाहेर खळ्यात मोकळ्या हवेत बसले होते म्हणून अर्ध्या तासात बरं वाटलं. नंतर डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गिझर कुठे आहे. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. माणसाला कळतच नाही, आधी डोकं जड, मग मळमळ, मग पायातली ताकद जाते आणि दार उघडायचं सुचायच्या आधी माणूस पडतो. त्या दिवशी मी फार घाबरले, आणि अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो, कारण त्याच आठवड्यात आलेल्या मेकॅनिकने आम्हाला सुचवलं होतं की वारंवार बंद होतोय तर ओव्हरहीटच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू, मग त्रास राहणार नाही. घरात त्या वेळी सगळे कंटाळलेले होते, नवरा हो म्हणायच्या बेतात होता. नुसत्या त्या वायरी जोडून सेन्सर बंद पडला नसता हे खरं, पण पट्ट्यांत काजळी भरून गिझर तापायला लागला तर त्याला थांबवणारं काही उरलं नसतं, आणि एकदा वायरी जोडायची सवय लागली की माणूस पुढचीही जोडतो. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी गिझरमधली कुठलीही सुरक्षेची वायर जोडून किंवा काढून घेऊ नका.

आणि हेही लक्षात घ्या की प्रत्येक गिझर अशा वेळी विझेलच असं नाही. काही तशाच हवेत जळत राहतात. ज्योत निळी आहे म्हणून धोका नाही असंही नाही. आंघोळीनंतर कोणाला डोकं दुखणं, चक्कर, उलटीसारखं वाटलं तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा, सिलिंडर बंद करा, शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात गिझरबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर तिथे ॲसिडिटी समजून गोळी देतील.

ताडपत्री त्याच संध्याकाळी उतरवली. दुसऱ्या दिवशी पाठोपाठ पाच आंघोळी, एकदाही विझला नाही. आता पश्चिमेच्या बाजूला परत झाप बांधतो, शेजारच्या वाडीतली एक मावशी विणून देते, उत्तरेची बाजू पूर्ण उघडी ठेवतो, भिजली तर भिजली. न्हाणीघराच्या पडवीकडच्या खिडकीला काच लावून ती बंद केली आणि मागच्या भिंतीत वर आणि खाली दोन जाळ्या काढल्या, त्या थेट बाहेर उघडतात. पाहुण्यांच्या खोलीत दाराच्या मागे कागद लावलाय की आंघोळ दहा मिनिटांत उरका आणि दोन आंघोळींच्या मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि मी स्वतः सकाळी पडवीत असतेच.

एक गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. श्रावणात जोराचा वारा उत्तरेकडून वळून आत शिरला की ज्योत हलते आणि क्वचित एखाद्या वेळी विझते. त्यासाठी गिझरच्या बाजूला हातभर अंतर सोडून पत्र्याचा एक आडोसा उभा करून बघतोय, वरून आणि खालून पूर्ण मोकळा, वारा थेट बर्नरवर येऊ नये एवढ्यापुरता. दोन आठवडे झाले, वहीत आत्तापर्यंत एकदाच विझल्याची नोंद आहे, आणि त्या दिवशी सेल २.५ वर आले होते.